आधी बॉम्ब, मग मन?

ब्रिटिश कादंबरीतल्या मुसलमानाला मन असते का? असते. पण दहशतवादावरच्या कादंबऱ्यांत ते उघडून दाखवण्याआधी लेखक बहुतेकदा त्याच्या हातात बॉम्ब देतो, ही माझी तक्रार आहे.

इयान मॅकइवनची ‘सॅटर्डे’ (२००५) घ्या. इराक युद्धाविरोधात लंडनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला, त्या १५ फेब्रुवारी २००३ या एका दिवसाची ही गोष्ट. नायक हेन्री पेरोन मेंदूचा सर्जन आहे. पहाटे त्याला आकाशात जळते विमान दिसते आणि दहशतवादी हल्ल्याची शंका येते. युद्ध हवे की नको, यावर तो दिवसभर स्वतःशी वाद घालतो. सद्दामच्या तुरुंगात छळ सोसलेला एक इराकी प्राध्यापकही कादंबरीत आहे, पण तो डॉक्टरच्या आठवणीपुरता. ज्यांच्या घरांवर बॉम्ब पडणार, त्यांची घालमेल आपल्याला कळत नाही. मार्टिन ॲमिसने २००६ मध्ये ९/११ च्या मोहम्मद अत्तावर कथा लिहिली. तिच्यात अत्ताच्या मनापेक्षा त्याचे बद्धकोष्ठच जास्त लक्षात राहते.

सनजीव सहोता यांची ‘अवर्स आर द स्ट्रीट्स’ (२०११) कितीतरी प्रामाणिक आहे. शेफिल्डचा इम्तियाज बायको आणि मुलीसाठी वही लिहितो आणि आपण त्याच्या एकटेपणापर्यंत पोहोचतो. तरी विचारतो, त्याने आत्मघाताचा बेत केला नसता, तर त्याची वही कोणी छापली असती?

कमिला शम्सी यांनी ‘होम फायर’मध्ये (२०१७) हा सापळा ओळखला. तिथे दहशतवाद्यांकडे जाणारा परवेझ आहे, पण विमानतळावरच्या चौकशीत विमान चुकलेली बहीण इस्माही आहे. भावाची माहिती पोलिसांना द्यायची की त्याला पाठीशी घालायचे? कायदा की रक्त? ती कुणालाही मारायला निघालेली नाही, तरी तिचे द्वंद्व कादंबरीच्या केंद्रात आहे. आणि परवेझचा मृतदेहही ब्रिटनमध्ये येऊ न देणारा गृहमंत्री स्वतः मुस्लिम घरातला आहे.

आपल्यातले काही जण म्हणतील, ही सगळी पुस्तके आपल्या बदनामीसाठीच लिहिली जातात. हे न वाचता बोलणे झाले. फारुख परवेझला धर्म शिकवून ओढत नाही. त्याने कधी नीट न पाहिलेल्या बापाच्या शौर्याच्या गोष्टी सांगून ओढतो. घरात ज्या विषयावर कोणी बोलत नाही, तिथेच पोर परक्याच्या हाती लागते. हे वाचायला धाडस लागते, आणि ते आपण दाखवलेच पाहिजे.

मराठीत लिहिणाऱ्या आपल्यासमोरही तोच सापळा आहे. वाचकाला आपल्याकडून एक तर संशयित हवा असतो, नाही तर बिचारा. मित्रहो, दोन्ही नाकारा. नाव ऐकून भाड्याची खोली नाकारली गेलेला मुलगा, बापाशी शिक्षणासाठी भांडणारी मुलगी, नमाज सुटल्याची टोचणी आणि न सुटल्याची शंका, यांवर लिहा. आपल्या मनाची दखल घ्यायला स्फोटाची वाट पाहू नका.