गोळी कुणी सोडायला लावली?

अर्धांगाचा झटका येऊन कुणी पडलं, की मुंबईच्या उपनगरांत हॉस्पिटलच्या बाकावरच निवाडा होऊन जातो. रुग्ण आत आयसीयूत असतो. बाहेर नातेवाईक, शेजारी, सोसायटीचे दोन कमिटी मेंबर असतात आणि चहा यायच्या आत निकाल लागलेला असतो: "बीपीच्या गोळ्या घेतच नव्हत्या हो. मनानंच बंद केल्या. स्वतःच्या हातानं ओढवून घेतलं." घाटकोपरचं राजावाडी असो, कूपर असो, बोरिवलीचं भगवती असो की मुलुंडचं अगरवाल, निकालात फरक नाही. जिच्यावर आरोप, तिची तर वाचाच गेलेली असते.

तिनं गोळी सोडली हे खरं असेल. पण का सोडली, हे तिला कधी कुणी विचारलं होतं का? डॉक्टरनं, नवऱ्यानं, मुलानं, ज्यांच्या घरी ती भांडी घासते त्या वहिनींनी? माझा आरोप या न विचारणाऱ्यांवर आहे, आणि त्यात तुम्ही-आम्ही सगळेच येतो.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो. रक्तदाबाच्या गोळ्यांनी अर्धांग, हृदयविकार, किडनीचं नुकसान टळतं, याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी 24 टक्के आणि बायकांपैकी 21 टक्के जणांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यासाठी गोळ्या चालू होत्या. म्हणजे हे घरोघरचं दुखणं आहे. पण हे दुखणं बहुधा दुखत नाही. वर्षानुवर्षं कळतही नाही. कळते ती गोळी. ॲम्लोडिपिननं पाय सुजतात. एनालाप्रिल, रामिप्रिल या जातीच्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो, रात्र रात्र झोप नाही. ॲटेनोलॉलनं थकवा येतो, हातपाय गार पडतात. प्रॅझोसिनच्या पहिल्या गोळीनंतर झटकन उठलं तर डोळ्यांपुढे अंधारी येते. सगळ्यांना सगळं होत नाही, बऱ्याच जणांना काहीच होत नाही, आणि ज्यांना होतं त्यांच्यासाठी बहुतेक वेळा दुसरी गोळी असते किंवा कमी डोस असतो. त्यासाठी आधी कुणीतरी ऐकून घ्यावं लागतं, एवढंच.

आता खोकल्याचंच घ्या. अंधेरीत कुणी खोकायला लागलं तर पहिला दोष मेट्रोच्या खोदकामाच्या धुळीला, दुसरा एसीला. मग कफ सिरप, मग एक्स-रे, मग टीबीची धास्ती आणि ट्रेनमध्ये शेजारचीनं सरकून बसणं. तीन महिने हा प्रवास चालतो. त्यात "बीपीची कुठली गोळी घेता?" हा एक प्रश्न कुणाच्या तोंडून निघाला असता, तर गोळी बदलून काही आठवड्यांत खोकला थांबला असता. पण आपल्याकडे दवाखान्याच्या बाहेर चाळीस माणसं बसलेली असतात आणि आत एकेकाला दोन मिनिटं. "पाय सुजतात डॉक्टर" म्हटलं की "वय झालं आता, उभ्यानं कामं कमी करा" हे उत्तर तयार. डॉक्टरांची गर्दी मला समजते. उत्तराची ती सफाई समजत नाही.

काही डॉक्टर यावर एक मुद्दा मांडतात आणि तो पोकळ नाही. दुष्परिणाम सांगितला की तो होतो, असं ते म्हणतात. इटलीतल्या डॉक्टरांनी 2003 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ॲटेनोलॉल घेणाऱ्या पुरुषांचे गट पाडले. कुठली गोळी देतोय हेच ज्यांना सांगितलं नाही, त्यांच्यात सुमारे 3 टक्क्यांनी लैंगिक दुर्बलतेची तक्रार केली. गोळीचं नाव आणि हा दुष्परिणाम दोन्ही ज्यांना सांगितलं, त्यांच्यात 31 टक्क्यांनी. म्हणजे भीतीनंही माणूस आजारी पडतो. मान्य. म्हणून काय तोंड शिवून बसायचं? इटलीतल्या त्या पुरुषांना कुणीतरी नंतर विचारलं तरी होतं. आपल्याकडे सांगतही नाहीत आणि विचारतही नाहीत.

आणि दुष्परिणाम कळतात कसे, हे मुंबईनं तरी विसरू नये. सर्पगंधेच्या मुळीनं रक्तदाब उतरतो, हे पाश्चात्त्य वैद्यकाला पटवून दिलं ते परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. त्यांचा निबंध 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला, 1957 साली त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. मधल्या काळात त्या मुळीतून रिसर्पीन वेगळं काढलं गेलं, जगभर दिलं गेलं, आणि मग लक्षात येऊ लागलं की काहींचं नाक चोंदतं, काहींचं मन पार खचतं. कुणी लक्षात आणून दिलं? गोळी घेणाऱ्यांनीच. ते बोलले, समोरच्यानं कागदावर लिहून घेतलं. त्या प्रत्येकाला "होतं असं" म्हणून वाटेला लावलं असतं, तर त्या गोळीची दुसरी बाजू जगाला कळायला आणखी किती वर्षं लागली असती कोण जाणे.

पुरुषांची मुस्कटदाबी वेगळ्या जातीची. र. धों. कर्व्यांनी 1927 पासून 1953 पर्यंत याच मुंबईतून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, कोर्टकचेऱ्या सोसल्या, नोकरी गमावली, ते कशासाठी? शरीराबद्दल सरळ बोलता यावं म्हणून. आज त्यांच्यावर नाटकं होतात, आपण टाळ्या वाजवून घरी येतो, आणि पन्नाशीतला पुरुष बायकोलाही सांगू शकत नाही की गोळी सुरू झाल्यापासून आपल्याला जमत नाही. डॉक्टरला सांगणं तर लांबच. शेजारी मुलगा बसलेला असतो, फाइल त्याच्या हातात असते. मग हा गृहस्थ गुपचूप गोळी सोडतो. त्याला हेही ठाऊक नसतं की वाढलेल्या रक्तदाबानंही हेच होतं, किंवा ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल एकदम बंद केलं तर छातीत कळ येऊ शकते. बायको मात्र समजते की आपल्यावरचं मन उडालं. एका गोळीवरून दोन माणसं वर्षभर एकमेकांशी धड बोलत नाहीत, आणि याला आपण घरंदाजपणा म्हणतो.

बरं, डॉक्टर बोलत नाही तर औषधाच्या पट्टीनं तरी बोलावं. पण मेडिकलच्या काउंटरवर जरा वेळ उभे राहून बघा. दहाच्या पट्टीतल्या पाचच गोळ्या मागणारी बाई येते. दुकानदार कात्रीनं पट्टी कापतो. औषधाचं नाव एका तुकड्यावर, मुदतीची तारीख दुसऱ्यावर, आणि तिच्या हातात येतो नुसता चकचकीत कागद. उरलं असेल ते बारीक इंग्रजीत. 1 ऑगस्ट 2023 पासून तीनशे मोठ्या ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. तो स्कॅन केला तर कंपनीचा पत्ता, बॅच नंबर, परवाना क्रमांक मिळतो. औषध खरं की खोटं ते कळावं म्हणून ही सोय, चांगलीच आहे. मात्र पाय सुजले तर काय करावं, हे त्यात नाही. दुष्परिणामांची नोंद घेणारी सरकारी व्यवस्था आपल्या देशात 2010 पासून आहे, आणि ग्राहकालाही तिथं स्वतः कळवता येतं. तिचा टोल फ्री क्रमांक 1800-180-3024, ग्राहकांचा फॉर्म मराठीतही आहे. मुलुंड ते घाटकोपर किती मेडिकलवाल्यांनी तो क्रमांक दर्शनी भागात लावलाय, ते वाचकांनीच फिरून पाहावं. गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिरातीला काचेवर जागा असते.

आता घरात या. नवऱ्याला बीपी निघालं की अख्खं घर अळणी जेवतं. पापड माळ्यावर जातात, लोणच्याची बरणी दिसेनाशी होते, सासूबाईसुद्धा "त्याच्यासाठी" म्हणून बिनमिठाची आमटी गिळतात. बायकोला बीपी निघालं तर? तर तिनं आपल्या वाट्याची भाजी आधी वेगळी काढावी, मग इतरांसाठी मीठ घालावं. तसं ती दोन दिवस करते. तिसऱ्या दिवशी सगळ्यांबरोबरचं खाते आणि वर एक गोळी वाढते. तिच्या त्या गोळीत आपल्या जिभेचे चोचले मोजले जातात, याची लाज कुणाला नाही.

गोळी वाढते ती बहुतेकदा ॲम्लोडिपिनची. पाच मिलिग्रॅमची दहा होते. डोस वाढला की पाय सुजण्याचा संभव वाढतो, बायकांत तर अधिकच. संध्याकाळी चप्पल काढली की पट्ट्याचा वळ पावलावर उमटलेला असतो. घोट्याच्या वर अंगठा दाबून उचलला तर खळगा तसाच राहतो. ही सूज अंगात पाणी जास्त झाल्यामुळे नसते. गोळीनं बारीक धमन्या सैलावतात आणि केशवाहिन्यांतून पाणी पायात झिरपतं. त्यामुळे लघवीच्या गोळीनं ती फारशी उतरत नाही. डोस कमी करणं, गोळी बदलणं किंवा टेल्मिसार्टनसारखं औषध जोडीला देणं, हे डॉक्टरांच्या हातातले उपाय. पण सूज दिसली की हात जातो तो पाण्याच्या गोळीकडे. हे केवळ आपल्याकडेच घडतं असं नाही. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या वृद्धांवरचा 2020 सालचा अभ्यास हेच सांगतो. तिथं आणि इथं फरक पडतो तो गोळी घेतल्यानंतरच्या सहा तासांत.

फ्रुसेमाइडची गोळी तासाभरात लघवीला लावते आणि पुढचे सहाएक तास लावत राहते. सकाळी सहाला असल्फ्याच्या टेकडीवरून खाली उतरणाऱ्या, सार्वजनिक संडासाच्या रांगेत आधीच अर्धा तास घालवलेल्या बाईचे ते सहा तास कुठे जातात? तुमच्या-आमच्या टॉवरमध्ये. पाच घरं, पाच ओटे, पाच बाथरूम. आमच्या घरातला संडास ती ब्रश घेऊन घासते, फिनेल टाकते, कमोडच्या कडा पुसते, आणि तोच वापरायची तिला मुभा नाही. तसं तोंडानं कुणी म्हणत नाही, आपण सुशिक्षित आहोत. तिलाच ते न सांगता कळतं. तिला वेगळा कप का, वेगळी लिफ्ट का, हेही असंच कळलेलं असतं. सोवळंओवळं गेलं म्हणून ज्या शहरात पाठ थोपटून घेतली जाते, तिथं ते फ्लॅटच्या बाथरूममध्ये जिवंत आहे.

स्टेशनवर जावं तर पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, याविरुद्ध 2011 मध्ये 'राइट टू पी' चळवळ मुंबईतच उभी राहिली. स्वच्छ, सुरक्षित, मोफत मुताऱ्या द्या, एवढी साधी मागणी होती. तिच्यावर हसणारे पुष्कळ निघाले. ज्यांना कुठेही भिंतीकडे तोंड करता येतं, त्यांनी हसणं साहजिकच.

मग ती बाई करते काय? पाणी पिणं बंद करते. वर लघवीची गोळी, उन्हाचा मे महिना, लिफ्ट बंद असेल तर सात मजले. चक्कर येते. चक्कर आली की वहिनी म्हणतात, "उद्या नको येऊस, आराम कर," आणि त्या आरामाचा पगार कापतात. मग ती हिशेब करते. कामाच्या दिवशी पाण्याची गोळी नाही. पुढे बीपीचीही नाही, कारण कुठली पांढरी गोळी कशाची, हे कापलेल्या पट्टीवर लिहिलेलं नसतं. तिच्या जागी बसून हा हिशेब दुसरा कसा करणार होतात?

सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात. पार्किंग, रंगकाम, गणपतीची वर्गणी यांवर तीन तास भांडणं होतील. तळमजल्यावर वॉचमन आणि कामवाल्यांसाठी एक संडास बऱ्याच इमारतींत असतो. कुठे त्यात जुन्या ट्यूबलाइट आणि रंगाचे डबे भरलेले असतात, कुठे कुलूप असतं. त्याची किल्ली कुणाकडे आहे, हे सभेत उभं राहून विचारा आणि सेक्रेटरीचं उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.