कॉम्प्रेसरचा पहिला सेकंद आणि गावाची डीपी

पूर्णा-नांदेड रेल्वेमार्गावरचं चुडावा हे परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्याचं गाव. मे महिन्यात या पट्ट्यात पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढतो आणि दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत आग ओकत राहतो. कूलरनं भागेनासं झालं की घरात एसी येतो. लहान मूल, म्हातारी माणसं किंवा आजारी माणूस घरात असेल, तर एसीला चैन म्हणणं अन्यायाचं आहे. एसी यावेतच. प्रश्न आहे तो गावातली डीपी, म्हणजे वीज पुरवणारं रोहित्र, त्यांना पेलते का, हा.

दीड टनाचा साधा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला एसी चालू असताना सात-आठ अँपिअर करंट घेतो. कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी मात्र तोच ३५-४० अँपिअर ओढतो. मोटार थांबलेली असताना करंटला अडवणारं उलटं व्होल्टेज तिच्यात तयार झालेलं नसतं. ती फिरू लागली की ते तयार होतं आणि करंट उतरतो. हा सगळा प्रकार सेकंदाच्या आत संपतो. पण २५ केव्हीएच्या डीपीची एका फेजवरची पूर्ण क्षमताच सुमारे ३५ अँपिअर असते. रोहित्र असा क्षणिक भार सोसून नेतं, तारांमध्ये मात्र व्होल्टेज पडतं. लांबवर गेलेल्या लाइनच्या शेवटच्या घरात दिवे मिणमिणतात, टीव्ही बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

यावर सॉफ्ट स्टार्टर हा चांगला उपाय आहे. हे छोटं इलेक्ट्रॉनिक उपकरण कॉम्प्रेसरला पहिल्याच झटक्यात पूर्ण व्होल्टेज देत नाही, ते टप्प्याटप्प्यानं चढवतं. सुरुवातीचा करंट त्यामुळे निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. जनरेटरवर किंवा घरच्या इन्व्हर्टरवर एसी चालवणाऱ्यांना त्याचा फायदा लगेच कळतो, कारण एसी सुरू होताना बसणारा जनरेटर आता बसत नाही.

मात्र जोडणी जाणकारानंच करावी. कॉम्प्रेसरला तीन टोकं असतात: कॉमन, रन आणि स्टार्ट. सॉफ्ट स्टार्टर रनच्या वायरमध्ये येतो आणि त्याची एक वायर स्टार्टच्या बाजूला जाते. वायरचे रंग कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे रंगावर न जाता आकृती पाहून आणि मीटरनं टोकं ओळखून काम करावं लागतं. बाहेरच्या युनिटमध्ये बहुधा पंखा आणि कॉम्प्रेसर यांचा कॅपॅसिटर एकत्र असतो. तिथं पंख्याची वायर सॉफ्ट स्टार्टरमध्ये गेली तर काम बिघडलंच. आधी सुरुवातीचा जोर वाढवणारा हार्ड स्टार्ट किट बसवलेला असेल तर तो काढायचा. मेन बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, तो रेझिस्टर लावून उतरवल्याशिवाय हात घालणं जिवाशी खेळणं आहे. आणि इन्व्हर्टर एसीला हे उपकरण लावूच नये. त्याचा कॉम्प्रेसर मुळात हळूहळूच वेग घेतो.

दुकानात बऱ्याचदा न सांगितली जाणारी गोष्ट पुढे आहे. सॉफ्ट स्टार्टर हे लो व्होल्टेजवरचं औषध नाही. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० ऐवजी १७० व्होल्ट मिळाले तर जोर जवळपास निम्म्यावर येतो. कॉम्प्रेसर नुसता घुमतो, तापतो, ओव्हरलोड ट्रिप होतो. अशा लाइनवर व्होल्टेज आणखी कमी करून सुरुवात करणारं उपकरण काय करणार? स्टॅबिलायझर घरापुरता आधार देतो, पण १७० चे २२० करताना तो लाइनवरून सुमारे ३० टक्के जास्त करंट ओढतो. भार जातो शेजाऱ्याच्या माथी.

शेतकऱ्यांना हे गणित नवं नाही. कृषिपंपाला कॅपॅसिटर बसवा, ऑटोस्विच काढा, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. ऑटोस्विच असले की लाइट येताच फीडरवरचे सगळे पंप एकदम उठतात आणि डीपी जळते. मग रोहित्र बदलून येईपर्यंत पीक करपतं. एसीचंही तसंच होऊ घातलं आहे. लाइट परत आल्यावर कॉम्प्रेसरमधला दाब समान व्हावा म्हणून एसीचा बोर्ड साधारण तीन मिनिटं थांबतो. पण लाइट सगळ्यांकडे एकाच वेळी आलेली असते, त्यामुळे तीन मिनिटंही सगळ्यांची एकाच वेळी संपतात. ऑटो-रिस्टार्ट देणाऱ्या कंपन्यांनी हा विलंब प्रत्येक यंत्रात थोडा वेगळा ठेवला, तर खर्च जवळजवळ काहीच येणार नाही. ही सक्ती करायला हरकत नाही.

नवा एसी घेणाऱ्यानं शक्यतो इन्व्हर्टरचाच घ्यावा, जुना साधा असेल तर सॉफ्ट स्टार्टर बसवावा. आयटीआयच्या रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगच्या ट्रेडमध्ये ही जोडणी हातानं करून घेतली पाहिजे, कारण गावात एसी उघडणारा हात बहुतेक वेळा तिथूनच शिकून आलेल्या पोराचा असतो.

बाकीचं काम महावितरणचं आहे. लघुदाब ग्राहकाला मिळणारं व्होल्टेज ठरल्यापेक्षा सहा टक्क्यांहून जास्त खाली-वर होऊ नये, असा नियम आहे. म्हणजे २३० च्या लाइनवर किमान २१६ व्होल्ट मिळायलाच हवेत. ते मिळत नसतील तर डीपीची क्षमता वाढवणं, लांबलेली लाइन तोडून नवं रोहित्र देणं, तिन्ही फेजवर भार सारखा वाटणं ही कामं उन्हाळ्याआधी व्हायला हवीत. ग्राहकानंही एक गोष्ट करावी. घरी एसी आला की मंजूर भार वाढवून घ्यावा. कागदावर घराचा भार एक किलोवॉटच राहिला, तर नव्या रोहित्राचा प्रस्ताव त्याच कागदावरून नाकारला जातो. लो व्होल्टेज असेल तेव्हा मीटरवरचा व्होल्टेजचा आकडा, तारीख आणि वेळ लिहून १९१२ वर तक्रार नोंदवावी आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा. एकाच डीपीवरच्या आठ-दहा घरांनी अशा नोंदी एकत्र करून उपविभागीय कार्यालयात दिल्या, तर त्या भागातली डीपी कमी पडते आहे हे तिथल्या अभियंत्याला आकड्यांनिशी वर कळवता येतं.