लंडन बंद, तोही राजरोस

मुंबई बंदची नुसती कुणकुण लागली की आमच्या ओळखीतले एक निवृत्त काका पेटतात. देशाचं किती कोटींचं नुकसान, हातावर पोट असलेल्यांनी काय करायचं, परदेशात असले तमाशे खपवून घेतात का... ही संथा मला इतकी पाठ आहे की मध्येच त्यांना ठसका लागला तर पुढचं वाक्य मी पुरवू शकतो. हे काका गेल्या डिसेंबरात सपत्नीक लंडनला होते. जावयानं पॅडिंग्टनजवळ भाड्यानं फ्लॅट घेऊन दिला होता. मी भाचीकडे किलबर्नला होतो. लंडन पाहावं तर नाताळातच, असं काकांना कुणीतरी सांगितलं होतं. नाताळातल्या लंडनची कीर्ती गाणारे बहुतेक लोक चोवीस तारखेच्या दुपारीच तिथून निघत असावेत, असा माझा दाट संशय आहे.

कारण पंचवीस डिसेंबरला लंडन मिटतं. ट्यूब बंद. बस बंद. रेल्वे बंद. ज्या शहरानं १८६३ साली जगातली पहिली भुयारी रेल्वे चालवून दाखवली, तिथे त्या दिवशी स्टेशनच्या जाळीच्या दाराला कुलूप असतं. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, नॅचरल हिस्टरी म्युझियम यांची दारं तर २४, २५ आणि २६ असे तिन्ही दिवस लागलेली. टॉवर ऑफ लंडनचंही तेच, म्हणजे आपला कोहिनूरसुद्धा रजेवर. आणि हाइड पार्कातली ती जगप्रसिद्ध नाताळजत्रा? गर्दीच्या वेळी जिच्यात नुसतं आत शिरायलाही पैसे मोजावे लागतात आणि आत गेल्यावर जर्मन सॉसेज चघळत आपण इंग्लंड अनुभवतो, तीही नेमकी नाताळच्याच दिवशी बंद! कार्तिकी एकादशीला पंढरपूर बंद ठेवावं तशातली गत. पण हे इंग्रजांनी केलंय ना, मग त्यात काहीतरी उदात्त असणारच.

सकाळी अकराच्या सुमारास काकांचा फोन आला. आवाज सद्गदित. "अहो, काय ही शांतता! रस्त्यावर चिटपाखरू नाही. एक हॉर्न नाही. याला म्हणतात संस्कृती!" मागून काकूंचा आवाज आला, "दूध संपलंय म्हणावं त्यांना. आणि ब्रेडही."

काकूंचं नेहमीच असं मुद्द्याला धरून असतं.

आता या संस्कृतीची जरा चिकित्सा करू. २००३च्या जुलैत मुंबईत बंद झाला, त्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयानं २००४ साली शिवसेना आणि भाजप यांना प्रत्येकी २० लाखांचा दंड ठोठावला. काकांनी त्या दिवशी पेढे वाटले होते. त्याच २००४ साली ब्रिटिश पार्लमेंटनं एक कायदा केला. इंग्लंड आणि वेल्समध्ये २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांनी नाताळच्या दिवशी उघडायचं नाही. उघडलं तर दंड ५० हजार पौंडांपर्यंत. म्हणजे मुंबईत बंद केल्याबद्दल दंड, लंडनमध्ये बंद न केल्याबद्दल. एकच साल, दोन देश, आणि काका दोन्हीकडे टाळ्या वाजवायला तयार. तत्त्वनिष्ठा म्हणतात ती हीच असावी.

आणि ही परंपरा काही सनातन वगैरे नाही बरं का. १६४७ साली याच पार्लमेंटनं नाताळ रद्दच करून टाकला होता. प्युरिटन मंडळींचं राज्य. त्यांच्या मते हा सण म्हणजे खाणंपिणं, धांगडधिंगा आणि पोपचं खूळ. दुकानं उघडी ठेवा, रोजच्यासारखी कामं करा, असा हुकूम. कँटरबरीच्या महापौरानं तो अमलात आणायचा प्रयत्न केला, तेव्हा ज्यांनी दुकानं उघडली त्यांच्यावर जमाव तुटून पडला आणि माल रस्त्यावर उधळला. दुकान उघडं का ठेवलंस म्हणून तोडफोड! दादर-परळच्या जुन्या कार्यकर्त्यांना हे वाचून गहिवरून येईल. साहेबांनी ही विद्या साडेतीनशे वर्षांपूर्वीच आत्मसात केली होती. पुढे त्यांना उमगलं की दगड मारण्यापेक्षा कलम लिहिणं स्वस्त पडतं, आणि वर पर्यटकांकडून कौतुकही होतं.

यावर कुणी म्हणेल, अहो, धार्मिक सण आहे तो, लोकांनी प्रार्थनेला जायला नको का? जरूर जावं. पण कशानं? चर्च उघडी, वेस्टमिन्स्टर ॲबीत प्रार्थना, सेंट पॉलमध्ये प्रार्थना, आणि तिथवर नेणारी एक बस नाही. देव घरी आहे, रस्ता मात्र बंद. २०२१च्या जनगणनेत लंडनमध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे निघाले ४०.७ टक्के. उरलेल्या जवळपास साठ टक्क्यांनी काय करायचं, तर घरी बसून दुसऱ्याच्या धर्माचं पावित्र्य जपायचं. सक्तीनं. आपल्याकडे अनंत चतुर्दशीला रात्रभर जादा लोकल सोडतात. सण म्हणजे लोक घराबाहेर पडणार, एवढी साधी अक्कल आमच्या रेल्वेला आहे, आणि आमच्या रेल्वेच्या अकलेबद्दल मी एरवी फार बरं बोलत नाही.

तर दूध. मी निघालो पायी. दुसरं वाहन म्हणजे पळवून लावतील असे दर सांगणारी टॅक्सी. बर्फ? ते विसरा. नाताळच्या कार्डांवरचं बर्फ बहुतांशी कार्डांवरच पडतं. लंडनच्या वाट्याला येते ती ना धड पाऊस ना धड धुकं अशी, गुपचूप कॉलरीत उतरणारी ओल. सकाळी आठनंतर उजाडतं आणि चार वाजायच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे दिवस म्हणून जे काही मिळतं ते दोन वामकुक्ष्यांच्या मधलं अंतर.

मेडा व्हेलच्या बाजूला एक दुकान उघडं दिसलं. रुंदीला जेमतेम एक शटर, म्हणजे कायद्याच्या २८० चौरस मीटरांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. मालक जाफन्याकडचा तमिळ, डोक्यावर कुणीतरी दिलेली लाल सांताटोपी, गळ्यात मफलर, कपाळावर विभूतीचे पुसट पट्टे. आणि बाहेर रांग! सुसंस्कृत, शांतताप्रिय, कौटुंबिक इंग्रजांची. एकाला हवी होती ॲल्युमिनियमची फॉइल. एका बाईंना ग्रेव्हीची पूड. आणि बाकी बहुतेक सगळ्यांना बॅटरी. पोरांसाठी खेळणी आणली आणि त्यातल्या बॅटऱ्या विसरले. या राष्ट्रानं एके काळी पाव जगाचा कारभार पाहिला. "दरवर्षीचं आहे," मालक गल्ल्यातून मान वर न करता म्हणाला. "ऑक्टोबरपासूनच मी बॅटऱ्या भरून ठेवतो."

पुढे एजवेअर रोडला अरबांची हॉटेलं जोरात. काचेआड शावर्मा फिरतोय, बाहेर हुक्का गुडगुडतोय, घरची माणसं जेवायला घेऊन आलेले बापे ओरडून ऑर्डर देताहेत. जाफन्याचा तमिळ, लेबनॉनचा खानसामा आणि विमानतळावरून येणाऱ्यांना घेऊन जाणारा सिल्हेटचा टॅक्सीवाला यांनी त्या दिवशी सुट्टी घेतली, तर या संस्कृतीचं नाताळचं जेवण फॉइलवाचून ओव्हनमध्ये करपेल. पण यांचा उल्लेख कुठल्या माहितीपत्रकात नाही. माहितीपत्रकात असतं ट्रफाल्गर चौकातलं झाड. १९४७पासून दरवर्षी ऑस्लोहून येतं, महायुद्धातल्या मदतीची कृतज्ञता म्हणून. कृतज्ञता खरी, झाड मात्र कधी कधी असं येतं की मदत नक्की कितपत झाली होती असा प्रश्न पडावा.

फ्लॅटवर पोचलो तेव्हा काका मंकी कॅप घालून टीव्हीसमोर बसले होते. तीन वाजता राजाचं भाषण. ते ऐकायचं असतं म्हणे. ऐकलं. राजानं सेवाभाव, शेजारधर्म वगैरे गोष्टी सांगितल्या. काकांनी मान डोलावली. हेच सगळं सोसायटीच्या वार्षिक सभेत अध्यक्ष सांगतात तेव्हा काका उठून पाणी प्यायला जातात. १९३२ साली पाचव्या जॉर्जनं रेडिओवरून हे असलं पहिलं भाषण केलं, त्याचा मजकूर रुडयार्ड किपलिंगनं लिहून दिला होता, आणि हा किपलिंग जन्मला आपल्या जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात, असं मी सांगितलं. काकांचा चेहरा उजळला. "बघा! आपल्या मुंबईचा!" इंग्रजानं इंग्रज राजाला इंग्रजीत भाषण लिहून दिलं त्याचा अभिमान कोथरूडच्या माणसाला. असो. काकूंनी तोवर चहा टाकला होता आणि माझ्यापुरतं बोलायचं तर त्या दिवशीचा लंडनमधला एकमेव कार्यक्षम विभाग तोच होता.

आणि एवढं सगळं पावित्र्य कशासाठी? तर सव्वीस तारखेसाठी. त्या दिवसाला बॉक्सिंग डे म्हणतात. कुटुंबाचा निवांत सहवास लाभावा म्हणून ज्यांची दुकानं आदल्या दिवशी कायद्यानं बंद ठेवली, तेच लोक दुसऱ्या दिवशी सकाळी कुटुंबाला घरी टाकून दुकानांच्या दारात उभे, कारण सेल! ज्या विक्रेत्या मुलींना सुट्टी हवी म्हणून पार्लमेंटनं डोळ्यांत पाणी आणलं, त्यांची ती सुट्टी चोवीस तासांत संपते. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर बूट आणि पिशव्यांसाठी ही झुंबड. काकाही होते तिथे. म्युझियम अजून बंद होती ना, जाणार कुठे? त्यांनी एक ओव्हरकोट घेतला, निम्म्या किमतीत. पुण्यात तो कधी घालणार, हे मी विचारलं नाही. काकूंनी विचारलं, चार माणसांत.

परत आल्यावर काकांनी सोसायटीत लंडनवर छोटेखानी भाषण दिलं. विषय: शिस्त. फेब्रुवारीत एका रिक्षा संघटनेनं एक दिवस रिक्षा बंद ठेवल्या, त्यावर त्यांनी वर्तमानपत्राला खरमरीत पत्रही लिहिलं. सध्या पुढच्या नाताळसाठी न्यूयॉर्कची चौकशी चालू आहे. तिथे पंचवीस डिसेंबरलाही सबवे चालू असते, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर बेत रद्द करतील.