रीड-ओन्लीला शिव्या घालण्याआधी

आमच्या ड्रॉइंगवाल्यांच्या जगात सगळ्यात जास्त शिव्या कोण खातं, असं कुणी विचारलं तर मी आधी ‘रीड-ओन्ली’चं नाव घेईन आणि मग क्लायंटचं. सकाळी फाइल उघडायची, दोन तास मान मोडून काम करायचं आणि सेव्ह करायला गेलं की कॉम्प्युटर म्हणणार, जमणार नाही, फाइल रीड-ओन्ली आहे. खरं तर त्याने ते फाइल उघडतानाच सांगितलेलं असतं. पण ती चौकट वाचतो कोण? हात आपोआप ओकेवर जातो. मग सगळे जण एकच उपाय करतात. सेव्ह अ‍ॅज मारायचं, नावापुढे ‘नवीन’ जोडायचं आणि चहाला जायचं. संध्याकाळपर्यंत फोल्डरमध्ये ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल २’ आणि ‘फायनल खरं’ अशी चार भावंडं नांदायला लागतात.

मी साताऱ्यात बसतो, पण माझी निम्मी कामं सांगली, मिरज, कुपवाडची. ड्रॉइंग इथे होतं, प्लेट तिकडे कापली जाते. त्यामुळे या चार भावंडांचा त्रास मला जरा जवळून माहीत आहे. आणि आता माझं मत असं झालंय की रीड-ओन्लीला आपण उगाच बदनाम केलंय. कॉम्प्युटर बिचारा एक साधा प्रश्न विचारत असतो : सध्या हे ड्रॉइंग कुणाच्या ताब्यात आहे? त्याचं उत्तर न देता आपण दुसरी फाइल बनवतो आणि घोळ तिथून सुरू होतो.

आधी तांत्रिक भाग उरकून घेतो, म्हणजे नातेवाईक मंडळींना पुढचं वाचता येईल आणि आमच्या धंद्यातल्यांना थोडा उपयोग होईल.

ऑटोकॅडमध्ये ड्रॉइंग उघडलं की त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाच्या दोन चिमुकल्या फाइली तयार होतात, डीडब्ल्यूएल आणि डीडब्ल्यूएल२. कुणी, कुठल्या मशीनवर, किती वाजता ड्रॉइंग उघडलं याची नोंद त्यांत असते. ड्रॉइंग नीट बंद केलं की त्या आपल्याआप पुसल्या जातात. पण लाइट गेली, ऑटोकॅड अडकलं किंवा नेटवर्क तुटलं तर त्या मागे राहतात, आणि माणूस घरी जाऊन जेवून झोपला तरी ड्रॉइंग त्याच्याच नावावर अडकलेलं दिसतं. ‘हूहॅज’ ही कमांड दिली की नाव कळतं. त्या माणसाला विचारायचं, कुणीच उघडलेलं नाही याची खात्री करायची आणि मगच त्या दोन फाइली काढून टाकायच्या. विचारल्याशिवाय काढायच्या नाहीत. सगळी गोम तिथेच आहे.

दुसरं कारण म्हणजे फाइलवरच लागलेली खूण. जुन्या विंडोजमध्ये सीडीवरून कॉपी केलेल्या फाइलींना ती चिकटून यायची. तशा जुन्या कामांचे गठ्ठे अजून हार्ड डिस्क बदलत बदलत फिरतायत. सगळ्या फाइली निवडून प्रॉपर्टीजमधली टिक काढली की काम होतं. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये रीड-ओन्लीपुढे जो भरीव चौकोन दिसतो, त्याच्या मात्र मागे लागू नका. विंडोज तो वेगळ्याच कामाला वापरतं, आतल्या फाइली त्याने अडत नाहीत. तिसरं कारण, झिपच्या आतून किंवा मेलमधून थेट उघडलेलं ड्रॉइंग. ते तात्पुरत्या जागेतून उघडतं, म्हणून आधी बाहेर काढून आपल्या फोल्डरमध्ये ठेवायचं. आणि चौथं, सर्व्हरवर तुम्हाला लिहायची परवानगीच नसणं. तिथे कॉम्प्युटरशी भांडण्यात अर्थ नाही, साहेबांशी बोलावं.

बऱ्याच जणांचा आणखी एक गोंधळ होतो. ड्रॉइंग उघडतच नाही म्हणून ते रीड-ओन्लीला दोष देतात आणि असतो व्हर्जनचा प्रश्न. फाइल नोटपॅडमध्ये उघडून पहिली सहा अक्षरं बघा. एसी१०२७ असेल तर २०१३ चा फॉरमॅट, एसी१०३२ असेल तर २०१८ चा. तुमचं ऑटोकॅड त्याहून जुनं असेल तर समोरच्याला जुन्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करून मागा. नोटपॅड बंद करताना सेव्ह मात्र करू नका, नाहीतर ड्रॉइंगचा निकाल लागला समजा.

हे झालं उपायांचं. आता मूळ मुद्दा.

कॉम्प्युटर यायच्या आधी हा प्रश्न कसा सुटायचा? मूळ ड्रॉइंग ट्रेसिंग पेपरवर असायचं आणि ते हेड ड्राफ्ट्समनच्या कपाटात कुलपात असायचं. शॉपमध्ये जायची ती अमोनिया प्रिंट. तिच्यावर पेन्सिलीने काही खरडलं तरी मूळ बदलत नसे. बदल करायचा तर ट्रेसिंग मागून घ्यायचं, ब्लेडने शाई खरवडायची, नवी रेघ मारायची आणि कोपऱ्यातल्या तक्त्यात रिव्हिजन नंबर, तारीख, सही. म्हणजे प्रिंट ही जन्मजात रीड-ओन्ली होती आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. कॉम्प्युटरने मूळ आणि नक्कल यांचा चेहरा एकच करून टाकला. दोन्ही एकाच स्क्रीनवर, एकाच नावाची, दोन्हींवर रेघ मारता येते. कुलूप गेलं आणि त्याच्या जागी एक चौकट आली. तीही आपण न वाचता ओके करतो.

आपल्याकडे याची सगळ्यांना कळणारी गोष्ट म्हणजे सातबारा. शेत विकलं म्हणून सातबाऱ्यावरचं नाव कुणी परस्पर खोडून नवं लिहीत नाही. आधी फेरफाराची नोंद पडते, संबंधितांना नोटीस जाते, मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो, मग नवं नाव चढतं. जुनं नाव कंसात जातं आणि शेजारी फेरफाराचा नंबर राहतो. वीस वर्षांनी भाऊबंदकी उफाळली तरी कुठल्या वर्षी, कशामुळे, कुणाच्या नावावर हे शोधता येतं. गुंठाभर जमिनीसाठी एवढी काळजी घेणारे आपण, चार मजल्यांच्या इमारतीच्या कॉलमचं माप मात्र ‘फायनल नवीन’च्या भरवशावर सोडतो.

म्हणून माझ्याकडे प्रत्येक कामाला चार फोल्डर असतात. ‘१ आलेलं’, ‘२ चालू’, ‘३ दिलेलं’, ‘४ जुनं’. पुढे आकडा, म्हणजे ते कायम याच क्रमाने दिसतात. बदल फक्त ‘चालू’मध्ये. ड्रॉइंग बाहेर गेलं की त्याची डीडब्ल्यूजी आणि पीडीएफ ‘दिलेलं’मध्ये, आणि तिथल्या फाइली मी स्वतः रीड-ओन्ली करून ठेवतो. फाइलच्या नावात कामाचा नंबर, ड्रॉइंगचा नंबर आणि रिव्हिजन. तारीख लिहायची तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, नाहीतर जानेवारीच्या सगळ्या पहिल्या तारखा एकमेकींना चिकटून बसतात. ‘फायनल’ हा शब्द नावात घ्यायला बंदी. आणि फोल्डरच्या पोटात फोल्डर असं फार खोल जायचं नाही, कारण फाइलच्या पूर्ण पत्त्याला २६० अक्षरांच्या आसपास असलेली विंडोजची जुनी मर्यादा अजून बऱ्याच ठिकाणी आडवी येते. एक सावधगिरी : जुनी कामं लावायला घेताना एक्सरेफ बघून घ्या. पूर्ण पत्त्याने जोडलेलं ड्रॉइंग फोल्डर हलवला की हरवतं. आधी रिलेटिव्ह पाथ करून घ्यावा, मग आवराआवर.

याला कुणी टापटिपीची हौस म्हणेल. मला त्यात न्यायाचा प्रश्न दिसतो. ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये बेस प्लेटची दोन ड्रॉइंगं एकाच फोल्डरमध्ये होती. एकात भोकांमधलं अंतर १८०, दुसऱ्यात २००. दोन्हींच्या नावात ‘फायनल’. मशीनवरच्या पोराने त्यातलं एक उघडलं आणि चाळीस प्लेटा कापल्या. चुकीचं निघालं. डिझाइन करणाऱ्याने सांगितलं, मी नवीन पाठवलं होतं. मालकाने सांगितलं, बघून कापायला पाहिजे होतं. शेवटी पैसे कापले गेले त्या पोराच्या पगारातून, कारण त्याच्याकडे दाखवायला कागद नव्हता. नोंद नसली की चूक नेहमी उतारावरून खाली जाते आणि सगळ्यात खाली उभा असलेल्याच्या पायाशी येऊन थांबते. ‘दिलेलं’मध्ये तारखेसकट एकच फाइल असती, तर त्या पोराला तोंड वर करून बोलता आलं असतं.

आता क्लाउड आलंय, मग हे सगळं कशाला, असं धाकटी मंडळी म्हणतात. उलट तिथे जास्त जपावं लागतं. सिंक होणाऱ्या फोल्डरची एक प्रत माझ्या मशीनवर, एक सांगलीत. दोघांनी एकाच वेळी तेच ड्रॉइंग उघडलं तर बऱ्याचदा रीड-ओन्लीची चौकट येतच नाही, कारण दोघेही आपापली प्रत उघडतात. दोघे सुखाने काम करतात आणि संध्याकाळी ‘कॉन्फ्लिक्ट’ नावाची तिसरी फाइल उगवते. तेव्हा त्या चौकटीची किंमत कळते. आमचा साधा नियम आहे : उघडण्याआधी फोन करायचा आणि ‘घेतलं’ म्हणायचं, झालं की ‘सोडलं’.

तरी दुसऱ्या गावात प्रत हवीच, हे मी ठासून सांगेन. सांगलीकरांनी २००५, २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलाय. आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट झालं हे विचारण्यात जेव्हा दिवस जातात, तेव्हा तळमजल्यावरचा सीपीयू कुणाला आठवणार? संगम माहुलीला वेण्णा घेऊन आणि कराडला कोयना घेऊन कृष्णा इथून सांगलीला जाते. त्यांच्या ड्रॉइंगांची एक हार्ड डिस्क उलट्या दिशेने साताऱ्यात येऊन राहिली, तर दोन्ही गावांची सोय होते.

बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी चालेल. पुढच्या वेळी ती चौकट आली की ओके मारण्याआधी तिच्यावरचं नाव तेवढं वाचा. पुष्कळदा ते शेजारच्या टेबलावर बसलेल्या माणसाचंच असतं. त्याला हाक मारा.