लखनौच्या अंगणात बटाटा

टिक्की, टोकरी चाट, मटार-बटाटा घातलेली तहरी... लखनौच्या स्वयंपाकघरात बटाट्यावाचून पान हलत नाही. बदलीच्या निमित्ताने तिथे गेलेल्या मराठी कुटुंबाला बंगल्यामागच्या रिकाम्या जागेत बटाटा लावावासा वाटला, तर त्यात नवल काय? गोमतीकाठची गाळाची भुसभुशीत माती या पिकाला छानच मानवते. चुकतो तो मुहूर्त आणि चुकते ते बेणे.

पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावर पावसाळ्यात बटाट्याची लागवड होते. तो अंदाज लखनौला लावून कुणी जुलैत बटाटा पेरला, तर पाला भरघोस येईल आणि खणल्यावर हाती गोट्यासुद्धा लागणार नाहीत. बटाटा पोसतो तो रात्रीच्या गारव्यावर. पारा रात्री २० अंशांच्या आसपास उतरला, की रोप पाल्यातले अन्न कंदात साठवू लागते. पठारावर पावसाळ्यात असा गारवा असतो, लखनौत मात्र तेव्हा रात्रीही घामाच्या धारा. तिथला मुहूर्त म्हणजे मध्य ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा. थोडक्यात, दसरा-दिवाळीची धामधूम चालू असतानाच हे काम उरकायचे.

घरात कोंब आलेले दोन-चार बटाटे पुरून मोकळे व्हावे, असा मोह प्रत्येकीला होतो. उगवतातही ते. पण खायच्या बटाट्यात विषाणू दडलेले असू शकतात. मावा हा बारीक किडा एका झाडाचा रस शोषून दुसऱ्यावर बसतो आणि रोग पसरवतो. पाने आखडतात, बटाटे सुपारीएवढे राहतात. सपाट प्रदेशात निरोगी बेणे होऊच शकत नाही, ते डोंगराळ भागातूनच आणावे लागते, अशी पूर्वी समजूत होती. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेतील डॉ. पुष्करनाथ यांनी त्यावर साधीच तोड काढली. मावा कमी असतो त्या थंडीच्या महिन्यांतच बेण्याचे पीक घ्यायचे आणि जानेवारीत मावा वाढण्याआधी पाला कापून टाकायचा. आज उत्तरेच्या मैदानातले बेणे तयार होते ते याच युक्तीवर.

म्हणून बेणे उद्यान विभागाकडून किंवा खात्रीच्या दुकानातून घ्यावे. १९८० साली आलेला ‘कुफरी बहार’ उत्तर प्रदेशात ‘३७९७’ या नंबरानेच ओळखला जातो, तेव्हा दुकानदाराने नंबर सांगितला तर गोंधळू नये. लवकर हवा असेल तर ‘कुफरी चंद्रमुखी’ घ्यावा. (कुफरी हे सिमल्याजवळचे गाव. वाणांच्या नावामागे ते लागले आहे.) दहा फूट बाय चार फुटांच्या वाफ्याला तीसएक कंद, म्हणजे दीड किलो बेणे पुष्कळ झाले. कंद कोंबडीच्या अंड्याएवढे असावेत.

हे बेणे शीतगृहातून आलेले असते. ते त्याच दिवशी मातीत ढकलू नये. सावलीत, पण उजेडाच्या जागी, पोत्यावर एका थरात दहा-पंधरा दिवस पसरून ठेवावे. अंधारात फुटलेले कोंब पांढरे, लांबुडके होतात आणि हात लागताच मोडतात. उजेडातले कोंब आखूड, जाड आणि रंगीत असतात. तसेच हवेत. ऑक्टोबरची माती अजून तापलेली असते, त्यामुळे कापलेल्या फोडी कुजण्याची भीती; कंद अख्खेच लावावेत.

मातीत चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. दोन ओळींत दोन फूट, दोन कंदांत आठ इंच अंतर ठेवून कोंब वर येतील असे कंद बसवावेत आणि वर वरंबा ओढावा. पाणी सरीतून द्यावे, वरंबा बुडवू नये. महिनाभरात रोपे वीतभर झाली, की पुन्हा मातीची भर द्यावी. हे काम टाळले तर कंद उघडे पडून हिरवे होतात. असे हिरवे, कडवट बटाटे भाजीत घालू नयेत. झाडाला क्वचित टोमॅटोसारखी छोटी फळे धरतात, तीही विषारी. घरात लहान मुले असतील तर ती खुडून टाकावीत.

डिसेंबरअखेर लखनौवर धुके उतरते, तेव्हा खरी परीक्षा. ढगाळ, ओलसर हवेत करपा येतो. १८४५ पासून आयर्लंडमध्ये दुष्काळ पाडणारा रोग तो हाच. पानांच्या कडेला काळपट, पाणचट डाग आणि सकाळी पानाखाली पांढरी बुरशी दिसली, की ती पाने काढून जाळावीत. धुके पडण्याआधीच ताम्रयुक्त बुरशीनाशक डब्यावरच्या सूचनेप्रमाणे फवारणे उत्तम. कडाक्याच्या थंडीत संध्याकाळी हलके पाणी दिले, तर पाला दहिवराने जळत नाही.

चंद्रमुखी ऐंशी-नव्वद दिवसांत, बहार त्यानंतर काही दिवसांनी तयार होतो. काढणीच्या दहा दिवस आधी पाणी तोडावे, पाला कापावा, म्हणजे साल घट्ट होते. अंगठ्याने घासून साल निघत असेल, तर आणखी चार दिवस थांबावे. काढलेले बटाटे धुऊ नयेत. सावलीत सुकवून अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवावेत. मार्चनंतरच्या लखनौच्या उन्हाळ्यात ते घरात टिकत नाहीत, तेव्हा पुढच्या वर्षीच्या बेण्यासाठी राखून ठेवण्यापेक्षा शेजारीपाजारी वाटावेत आणि ऑक्टोबरात नवे बेणे आणावे.