किती किल्ले झाले?

मराठी माणसाला रविवार फुकट गेलेला खपत नाही. दिवसभर झोपला तर 'आठवड्याची झोप भरून काढली' म्हणतो, दाढी न करता लोळला तर 'त्वचेला जरा विश्रांती दिली' म्हणतो. पण काही ना काही मिळाल्याची पावती फाडल्याशिवाय सोमवार उजाडू देत नाही. अशा समाजात दर पंधरा दिवसांनी पाठीवर पिशवी टाकून डोंगरात जाणाऱ्या माणसाला प्रश्न विचारले जाणं ओघानंच आलं. गेली वीस वर्षं मी ते ऐकतो आहे, आणि माझ्या निरीक्षणाप्रमाणे विचारणाऱ्यांच्या दोन जाती आहेत.

पहिली जात 'त्यात मिळतं काय?' असं विचारणाऱ्यांची. हिच्यात आमचे शेजारी, सासुरवाडीची बहुतेक मंडळी आणि आमच्या शाखेचे आजवरचे झाडून सगळे मॅनेजर मोडतात. मॅनेजर बदलून जातात. पण चार्ज देताना किल्ल्यांबरोबर हा प्रश्नही पुढच्याच्या हाती देऊन जातात. (इथे किल्ल्या म्हणजे तिजोरीच्या.) ही जात निरुपद्रवी आहे. 'शुद्ध हवा' एवढं उत्तर दिलं की समाधानानं मान हलवते आणि उठून खिडकी लावून घेते.

दुसरी जात मात्र स्वतः डोंगरात जाते. पायात भारी बूट, अंगावर अकरा खिशांची विजार, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. वाटेत भेटली की नाव विचारत नाही, गाव विचारत नाही, एकदम विचारते, "किती किल्ले झाले तुमचे?"

माझं भांडण या दुसऱ्या जातीशी आहे. हा प्रश्न मला नुसता गावंढळ वाटत नाही, घातक वाटतो. आणि असं म्हणायचा मला अधिकार आहे, कारण मोजणं हा माझा धंदा आहे. मी बी.कॉम. आहे. बावीस वर्षं मी बँकेत कारकून आहे. मध्यंतरी आमच्या हुद्द्याला एक लांबलचक इंग्रजी नाव दिलं गेलं, पण पाटी बदलल्यानं काउंटरपलीकडची रांग आखूड होत नाही. आठवडाभर मी दुसऱ्यांचे पैसे मोजतो. आणि मी किती खाती उघडली, किती विमे गळ्यात मारले, हे वरचे लोक मोजतात. १ सप्टेंबर २०१५ पासून आम्हां बँकवाल्यांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी मिळू लागली, आणि त्या बदल्यात बाकीचे शनिवार अर्ध्याचे पूर्ण झाले. म्हणजे सुट्टीसुद्धा आम्हांला जमा-नावे करूनच मिळाली. आता अशा हिशेबातून सुटलेल्या दोन दिवसांचा मी पुन्हा हिशेब ठेवायचा? हलवाई घरी आल्यावर पेढे खातो का हो?

आधी या लोकांची क्रियापदं बघा. किल्ल्यावर 'गेलो' असं कुणी म्हणत नाही. किल्ला 'केला', किल्ला 'उरकला', आणि सर्वांत शूर म्हणजे किल्ला 'मारला'. "सकाळी हरिहर मारला, दुपारी भास्करगड मारला." जिंजीचा किल्ला घ्यायला झुल्फिकारखानाला १६९० पासून १६९८ साल उजाडावं लागलं. तोफा होत्या, घोडदळ होतं, पाठीशी औरंगजेब होता. त्याला आठ वर्षं लागली, आणि आमचा एक शूरवीर जोडून आलेल्या सुट्टीत विमानानं चेन्नईला उतरून, टॅक्सीनं जाऊन, जिंजी 'मारून' सोमवारी अकराला कामावर हजर! एकदा तर आसनगावच्या गाडीत "परवा कळसूबाई मारली" असं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. १६४६ मीटरवरचं, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. माथ्यावर देवीचं देऊळ. गावोगावचे लोक नवस फेडायला अनवाणी चढतात. आणि हा बहाद्दर म्हणतो, मारली! शेजारच्या बाकावर पोलीस हवालदार असता तर कठीण होतं.

त्यातून जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घातले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावी ती तमिळनाडूतली जिंजी. आनंदाची गोष्ट. मीही त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले. पण पंधरा दिवसांत लक्षात आलं, की मोजणाऱ्यांच्या हाती आपण पासबुकच दिलं आहे. आता जो तो विचारतो, "बारांतले किती?" साल्हेर, शिवनेरी, लोहगड, असे हप्ते भरत चालले आहेत. आवर्ती ठेव! बारावा हप्ता भरला की मुदत संपली. मग व्याजासकट काय मिळणार आहे, ते कुणी सांगत नाही.

आमच्या टोळीचा हिशेब या लोकांना सांगायची सोय नाही. आम्ही पाच जण. एक शाळामास्तर, एक औषधाच्या दुकानवाला, एक विमा कंपनीतला, एक वीज मंडळाचा वायरमन, आणि मी. आम्ही माहुलीला चौदा वेळा गेलो आहोत. मोजणाऱ्यांच्या शास्त्राप्रमाणे त्यातल्या तेरा वेळा रद्द. एक किल्ला एकदाच धरतात. गोवर निघाल्यासारखं. एकदा झाला की पुन्हा होत नाही. पण त्या चौदांतल्या एका वेळी वायरमननं रात्रभर जागून चुलीवर खिचडी शिजवली आणि सकाळी ती डाळीची आमटी म्हणून वाढली. एका वेळी मास्तरांनी १६३६ साली शहाजीराजांना याच माहुलीवर शरण का जावं लागलं, ते इतकं जीव ओतून सांगितलं, की विमावाल्यानं 'त्यांनी पॉलिसी काढली होती का?' असं विचारायचंही सोडून दिलं. या दोन्ही वेळा किल्ला तोच होता. मोजणाऱ्याला त्यांतली एकच दिसणार.

तुम्ही म्हणाल, हा हेवा बोलतो आहे. चाळिशी उलटली, दम लागायला लागला, म्हणून तरण्या पोरांच्या नावानं बोटं मोडतो आहे. तसं नाही. शुक्रवारी रात्री बस भरभरून पोरं डोंगराकडे नेणाऱ्या मंडळींशीही माझं भांडण नाही. ज्यांना टोळी नाही त्यांना त्यांनी वाट दाखवली. 'एकटी कुठे जातेस?' या प्रश्नापाशीच ज्यांची वाट संपत होती, अशा कितीतरी मुली त्या बसमुळे डोंगर बघून आल्या. पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरीचे चार पैसे झाले. बस चांगलीच आहे. माझं म्हणणं बसमध्ये चढणाऱ्या त्या आकड्याबद्दल आहे.

कारण तो आकडा डोंगरातली सर्वांत शहाणी गोष्ट करू देत नाही. ती म्हणजे परत फिरणं.

हे जरा गंभीरपणे सांगतो. काही वर्षांपूर्वी ऑगस्टात आम्ही खांडसहून शिडीघाटानं भीमाशंकरला निघालो होतो. रात्रभर पाऊस होता, सकाळी जरा उघडला होता. शिड्यांच्या अलीकडच्या ओढ्याशी आलो. पाणी गुडघ्याएवढं. चार जण ओलांडायच्या बेतात. औषधवाला एरवी बोलतच नाही. दिवसभर लोकांचे खोकले ऐकून त्याचा बोलण्यावरचा विश्वास उडाला आहे. तो वर डोंगराकडे बघत म्हणाला, "पाणी मघाशी एवढं गढूळ नव्हतं. परत फिरू." बस्स. कुणी 'का?' म्हणालं नाही. कुणी 'एवढं आलोय तर' म्हणालं नाही. पाच जणांनी पाठी वळवल्या. गावात येऊन भाकरी खाल्ली, चारच्या सुमाराला कर्जतहून लोकल पकडली. त्या ओढ्याचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही, आणि हाच त्या निर्णयाचा मोठेपणा आहे: तो बरोबर होता याचा पुरावा मिळाला नाही, कारण पुरावा देणारा कुणी तिथे उरला नव्हता, पाचही जण घरी होते.

मोजणाऱ्याच्या वहीत त्या दिवसापुढे शून्य. माझ्या खतावणीत ती सर्वांत मोठी जमा आहे. आता विचार करा, औषधवाल्याच्या जागी 'नव्व्याण्णव झाले, आज शंभरावा' असा माणूस असता तर? शंभरावा किल्ला आडवा आला की गढूळ पाणी दिसत नाही, धुकं दिसत नाही, मागे राहिलेल्याचा चेहराही दिसत नाही. दर पावसाळ्यात बातम्या येतात. रात्री-अपरात्री गावातली आणि बचाव पथकांची पोरं दोर खांद्यावर टाकून निघतात, पगार नाही, भत्ता नाही. सगळेच अपघात आकड्यापायी होतात असं मी म्हणणार नाही. पाय कुणाचाही घसरतो. पण 'परत फिरू' म्हणायला जिथे लाज वाटते, तिथे पाय घसरायच्या आधी अक्कल घसरलेली असते.

आणि आता मास्तर. मास्तरांच्या गुडघ्यांवर पुरेसा घसारा साठला आहे. डॉक्टरांनी चढउतार बंद केली. मास्तरांनी आम्हांला रीतसर सांगितलं, "तुम्ही जा, मी आल्यावर हकीकत ऐकेन." शिक्षक माणूस, गैरहजेरीचा अर्जसुद्धा आधी देतो. आम्ही चौघांनी तो नामंजूर केला. तेव्हापासून आम्ही गाडी जाईल तिथवरच जातो. पायथ्याची देवळं, तळी, खिंडी. या दोन वर्षांत आमचे किल्ले शून्य.

अशाच एका चौथ्या शनिवारी जुन्नरकडून जीप करून नाणेघाटात गेलो. तिथेही एक अकरा खिसेवाला भेटलाच. कोकणातून वैशाखऱ्याच्या बाजूनं चढून आला होता. आमची जीप बघून म्हणाला, "गाडीनं आलात? मग हा धरत नाहीत." मास्तर हसले आणि आम्हांला गुहेत घेऊन गेले.

तिथे सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा. बाहेर दगडी रांजण आहे. त्यात जकात टाकत असं सांगतात. म्हणजे काउंटर माझ्या ओळखीचं! पण भिंतीवर काय लिहिलं आहे ते मास्तरांनी सांगितलं, आणि बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा मला जमाखर्चाबद्दल आदर वाटला. लेखात यज्ञांची यादी आहे आणि पुढे आकडे आहेत: इतक्या गाई दिल्या, इतके घोडे दिले, इतके कार्षापण दिले. आपल्याकडे कोरलेल्या जुन्यात जुन्या आकड्यांपैकी हे आकडे. कातळ झिजला आहे, ओळी मधूनमधून गेल्या आहेत. पण जे उरलं आहे त्यात राणीनं दक्षिणा मांडली आहे. काय मिळालं ते रांजणात. भिंतीवर कोरलं ते काय दिलं ते.

तेव्हा मोजायचंच असेल तर नागनिकेसारखं मोजा. कुणासाठी किती वेळा थांबलात, कुणाची पिशवी किती मैल वाहिलीत, आपल्या बाटलीतलं शेवटचं पाणी कुणाला दिलंत. हा आकडा सांगा, मी उभा राहून ऐकेन.

बँकेतल्या माणसाला मागणीपत्रक काढल्याशिवाय भांडल्यासारखं वाटत नाही, म्हणून आमच्या मागण्या खाली देत आहे.

एक : झुल्फिकारखानाच्या हुद्द्याखालील कोणीही इसमानं 'किल्ला मारला' असं म्हणू नये.

दोन : अर्ध्या वाटेवरून परत फिरलेला दिवस पूर्ण भरपगारी धरण्यात यावा.

तीन : सर्वांत हळू चालणारा सर्वांच्या पुढे चालेल. बाकीच्यांनी त्याच्या मागून यावं आणि घाई झालीच तर झाडं बघावीत.

चार : 'किती झाले?' हा प्रश्न ताबडतोब रद्द करून त्या जागी 'कोण कोण होतं?' हा प्रश्न लागू करण्यात यावा.

मागण्या मान्य न झाल्यास आम्ही पाच जण येत्या दुसऱ्या शनिवारी माहुलीच्या पायथ्याशी, सर्वांना दिसेल अशा जागी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसते बसून राहू. मागण्या मान्य झाल्या तरी बसूच. मास्तरांनी सतरंजी आणायचं कबूल केलं आहे.