काकडी पिकविणाराच्या ताटांत काकडी कां नाहीं ?

श्रावण सरल्यावर एके दिवशीं आम्हांस मुरबाड तालुक्यांतील एका सधन शेतकरी स्नेह्यांकडे जेवावयास जाण्याचा योग आला. ओसरीवर काकडीच्या बारा गोणी तोंडें शिवून कल्याणच्या बाजारास जावयाच्या तयारींत उभ्या होत्या. ताट समोर आलें. त्यांत भात, वरण, बटाट्याची भाजी, सुकट, पापड आणि दुकानांतून आणलेलें बरणींतील लोणचें होतें. आम्हीं सहज विचारलें, "काकडीची कोशिंबीर नाहीं वाटतें ?" त्यावर यजमान हंसून म्हणाले, "भाऊसाहेब, ती बाजाराची आहे." ह्या उत्तरांत कंजूषपणा मुळींच नव्हता, निघतांना त्यांनीं आम्हांस पिशवीभर काकडी बळेंच दिली. परंतु जी वस्तु विकावयाची ती घरांत खावयाची नव्हे, असा जो एक समज आमच्या शहापूर-मुरबाडकडील शेतकरीवर्गांत हळूहळू रुजला आहे, तो त्या उत्तरांतून बोलत होता. हा समज घातक आहे असें आमचें स्पष्ट मत आहे.

आम्ही वैद्य नव्हे. मराठी शाळेंत शिकून मुलकी खात्यांत कारकुनी केली व गांवचे नमुने चाळतां चाळतां निवृत्त झालों. गांव नमुना बारामध्यें भात लिहिला जातो, वरकस जमिनींतील नाचणी-वरी लिहिली जाते. 2021 सालापासून तर शेतकऱ्यानें पीकपाहणी स्वतःच मोबाइलवरून नोंदवावयाची सोय झाली आहे. तथापि बांधावरचा काकडीचा वेल, न्हाणीमागचें अळू आणि परसांतील मुळ्याचा वाफा यांची नोंद आमच्या साऱ्या नोकरींत आमच्या दृष्टीस पडली नाहीं. सरकारास तिची गरज नाहीं हें समजण्यासारखें आहे. घरधन्यानेंही ती आपल्या मनाच्या वहींतून खोडून टाकावी, याचें मात्र नवल वाटतें.

इकडे आमच्या भागांत मुंबईकरांचीं विश्रामगृहें आणि शेतघरें जागोजाग उठलीं आहेत. तेथें येणारा पाहुणा जेवणापूर्वीं 'सॅलड' मागतो, आणि त्यासाठीं लागणारा परदेशी पाला मुंबईहून थंड पेटींत घालून आमच्याच गांवीं आणला जातो. आमचा मुलगा तेथें वाढपी म्हणून राहतो व घरीं येऊन सांगतो कीं, साहेबलोक पाला कच्चाच खातात. अहो, पाला कच्चा खाण्याची विद्या कांहीं साहेबांनीं आम्हांस शिकवावयास नको ! मेथीचीं कोवळीं पानें बारीक चिरून, कांदा, दाण्याचें कूट व लिंबू घालून केलेली पचडी. भिजविलेली हरभऱ्याची डाळ वाटून किसलेल्या मुळ्याबरोबर फोडणी देऊन केलेला चटका. आणि चोचवलेल्या काकडीची खमंग कोशिंबीर. हीं आमच्या आयाबहिणींच्या हातचीं नित्याचीं पक्वान्नें होतीं. गरिबाची कोशिंबीर तर याहूनही सोपी. बांधावर बसून नाचणीच्या भाकरीबरोबर मुठीनें फोडलेला कांदा व हिरवी मिरची, झालें.

आतां ह्या गोष्टीची आम्हांस इतकी तळमळ कां, तें सांगतों. दोन वर्षांपूर्वीं आमच्या सुनेस दिवस गेले असतां रक्त तपासलें, तेव्हां हिमोग्लोबिन आठावर निघालें. घरांत चार एकर भातशेती, दुभती म्हैस, परसांत विहीर. आणि सुनेच्या अंगांत रक्त नाहीं! आम्हांस मान खालीं घालावी लागली. परिचारिका बाईंनीं लोहाच्या गोळ्या दिल्या आणि वर विचारलें, "जेवणांत लिंबू, कच्ची भाजी, हिरवा पाला कांहीं असतो कां ? आणि जेवल्याबरोबर चहा घेतां कां ?" पहिल्या प्रश्नाचें उत्तर नाहीं असें होतें, दुसऱ्याचें होय. त्या दिवसापासून आमच्या घरांतील ताटाची डावी बाजू बदलली. सून सुखरूप बाळंत झाली. त्याचें श्रेय गोळ्यांचें अधिक, हें आम्ही प्रामाणिकपणें कबूल करतों. कोशिंबीर हें औषध नव्हे, आणि ज्यास डॉक्टरनें गोळ्या दिल्या असतील त्यानें त्या सोडूं नयेत. परंतु एकट्या आमच्याच घरचा हा प्रकार नाहीं. 2019 ते 2021 या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, हिंदुस्थानांतील 15 ते 49 वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा 57 स्त्रियांस रक्तक्षय असल्याचें दिसून आलें.

यांतील कार्यकारण थोडक्यांत असें. भात, डाळ, पाला यांत जें लोह असतें तें शरीरास सहजासहजीं लागत नाहीं. त्याच घासाबरोबर 'क' जीवनसत्त्व पोटांत गेलें तर तें लोह अधिक प्रमाणांत शोषलें जातें. उलट जेवणालगत घेतलेला चहा त्यास अडवितो. हें जीवनसत्त्व लिंबू, आवळा, हिरवी मिरची, कोथिंबीर, टोमॅटो, कोबी यांत आहे. पण तें चुलीवर फार वेळ टिकत नाहीं. बराचसा भाग उष्णतेनें नष्ट होतो व कांहीं उकळलेल्या पाण्याबरोबर ओतून दिला जातो. म्हणून कांहीं तरी कच्चें हवें. गाजरांतील पिवळ्या द्रव्यापासून शरीर 'अ' जीवनसत्त्व बनवितें, त्यास मात्र थोड्या स्निग्धाची सोबत लागते. आमच्या आजीनें कोशिंबिरींत दाण्याचें कूट, ओलें खोबरें आणि वरून फोडणी घातली ती चवीकरितां. पण तिचें करणें आजच्या शास्त्रासही धरून आहे.

येथें एक जुनी हकीकत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. निलगिरींतील कुन्नूर येथें 1918 सालीं आहारसंशोधनाचें काम एका लहानशा खोलींत सुरू झालें. तीच संस्था पुढें 1958 सालीं हैदराबादेस गेली व आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. तेथील मूळ संशोधक रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनीं उंदरांस हिंदुस्थानांतील निरनिराळ्या प्रांतांचे आहार घालून पाहिले. शिखांच्या आहारावर ठेवलेले उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले. दक्षिणेकडील भातखाऊ गरिबांच्या आहारावरचे रोडावले. त्या शीख आहारांत कोंड्यासह गव्हाची पोळी, लोणी व दूध हें तर होतेंच, पण त्याबरोबर मोड आलेले हरभरे, कच्चें गाजर आणि कच्चा कोबीही होता. आम्ही भातखाऊ लोक. आम्हीं भात सोडावा असें कोणी म्हणत नाहीं. परंतु भाताशेजारचा रिकामा कोपरा तरी भरावा कीं नाहीं?

आमच्या आवडीचें म्हणाल तर काकडीस आम्ही अग्रस्थान देतों, आणि तींतही वरकसावर नाचणीच्या पिकांत वाढलेल्या पावसाळी डोंगरी काकडीस. माळशेज घाटाच्या रस्त्यावर वा नाशिककडील महामार्गावर ठाकूर बायका टोपल्या घेऊन बसतात, त्यांपाशीं ती मिळते. तिचा वास घरभर दरवळतो. ती किसूं नये. हातांत धरून सुरीनें चोचवावी, म्हणजे तुकडा दाताखालीं राहतो. मीठ वाढतेवेळींच घालावें, कारण मीठ लागतांच काकडी पाणी सोडते व तें पाणी आपण पिळून टाकतों. सत्त्व गटारींत व चोथा ताटांत असा प्रकार होतो. चिरण्यापूर्वीं टोंकाचा तुकडा चाखून पाहावा. कडू लागल्यास टोंक घासून फेंस काढण्याच्या खटपटींत न पडतां ती टाकून द्यावी. दुध्याच्या बाबतींत तर हें कटाक्षानें पाळावें. कडू दुध्याचा रस पिऊन माणसें दगावल्याचीं उदाहरणें आहेत.

मुळ्याचा पाला फेंकणाऱ्या घरास आम्ही उधळे घर म्हणतों. कोवळा पाला बारीक चिरून मुळ्यांतच मिसळावा. मुगास मोड आणून उकळत्या पाण्यांतून काढावे व मग कांदा-टोमॅटोंत घालावे. वालाचे मोड मात्र कच्चे खाऊं नयेत, त्यांचें बिरडें शिजवूनच चांगलें. रानांतील घोळ व आंबुशी चवीपुरती कच्ची चालते. तिच्या आंबटपणामुळें लिंबाचेंही काम भागतें. परंतु रानभाजी म्हणजे सर्वच कच्ची, असा अर्थ शहरांतील कांहीं हौशी मंडळी घेऊं लागली आहेत, तो धोक्याचा आहे. शेवळें घशाला खाजवितें, म्हणून आमच्या बायका तें काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवितात, अळू-तेरीचेंही तसेंच, आणि बांबूचे कोंब भरपूर पाण्यांत उकळून तें पाणी ओतून दिल्याविना खाण्याजोगे होत नाहींत.

आतां एक अप्रिय गोष्ट. आमच्याकडील भेंडी हल्लीं परदेशींही जाते, आणि तेथें औषधाचा अंश सांपडल्यास माल परत येतो, हें सर्वांस ठाऊक झालें आहे. म्हणून बाहेर जाणाऱ्या मालावर फवारणीचे दिवस मोजण्याची शिस्त कांहीं शेतकऱ्यांनीं लावून घेतली. हीच शिस्त घरच्या ताटास कां नाहीं ? गेल्या वर्षीं आमच्याच पुतण्यानें सकाळीं फवारलेल्या मळ्यांतून दुपारीं काकड्या तोडून मुलांपुढें ठेवल्या. आमच्या घरांतून वेळींच चौकशी झाली, म्हणून त्या उकिरड्यावर गेल्या. डब्यावर फवारणीनंतर किती दिवसांनीं तोडणी करावी तें छापलेलें असतें, व विषाची तीव्रता दाखविणारा रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल. धुण्यानें वरची धूळ, माती व जंतांचीं अंडीं पुष्कळशीं जातात, आणि धुवावें हें खरेंच. पण पिकांत मुरलेलें औषध धुऊन जात नाहीं. यावर आमच्या मतें एकच उपाय : घरच्यासाठीं जागा वेगळी व ती बिनफवारणीची.

जागा किती ? एक गुंठा म्हणजे 33 फूट लांब व 33 फूट रुंद, 1089 चौरस फूट. चाळीस गुंठ्यांच्या एकरांतून एवढी जमीन सोडल्यानें कोणी भिकेस लागल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. जागतिक आरोग्य संघटना माणशीं दररोज निदान 400 ग्रॅम फळें व भाज्या मिळाव्यात असें सांगते. एक गुंठा सहा माणसांची ती सगळी गरज भागवील असें आम्ही म्हणत नाहीं, पण कोशिंबिरीपुरतें तो बहुतेक वर्षभर पुरवितो.

बहुतेक म्हणण्याचें कारण पाणी. आमच्या शहापूर तालुक्याच्या पोटांत तानसा व भातसा हे जलाशय आहेत. तानशाचें पाणी 1892 सालापासून मुंबईस जात आहे, आणि चैत्र-वैशाखांत त्याच तालुक्यांतील पाड्यांवर टँकरची वाट पाहात हंडे रांगेनें मांडलेले असतात. ह्या अन्यायाबद्दल लिहावें तितकें थोडें आहे, परंतु तो विषय निराळा. नळयोजनेचा सरकारी हिशेब दरडोई 55 लिटरांचा. सहा माणसांचे 330 लिटर झाले. जेथें एवढें पाणी खरोखर येतें, तेथें त्यांतलें आंघोळीचें व भांड्यांचें पाणी वाया जाण्याचें कारण नाहीं. तें मांडवावर चढविलेल्या काकडी-दुध्याच्या व केळीच्या मुळाशीं सोडावें. मुळा, गाजर, कोथिंबीर यांस मात्र सांडपाणी दाखवूं नये, कारण तीं मातीलगत वाढतात व कच्चीं खाल्लीं जातात. जेथें हंडाभरच पाणी येतें, तेथें परसबागेचा उपदेश आम्हीही करणार नाहीं. तेथें लिंबू, कांदा व पावसाळ्यांतील काकडी एवढ्यावरच भागवावें.

आमच्या घरांतून ह्या साऱ्यावर एक आक्षेप आला, तो सांगणें भाग आहे. लावणीच्या दिवसांत पहांटे उठून भाकऱ्या भाजणारी बाई कोशिंबीर केव्हां चोचवणार ? आक्षेप खरा आहे. आम्हीं त्यावर असें ठरविलें कीं, ताटांतला कच्चा भाग पुरुषांनीं करावा. आम्ही स्वतः रोज सायंकाळीं सुरी व ताटली घेऊन ओसरीवर बसतों. प्रथम शेजारी हंसले. हल्लीं त्यांपैकीं दोघे जण लिंबें मागावयास येतात.

बियाण्याविषयीं एक सूचना. दापोलीच्या कृषि विद्यापीठाची 'शीतल' व राहुरीची 'हिमांगी' या सुधारलेल्या जाती असून त्यांचें बीं घरीं धरतां येतें. पाकिटांतील संकरित वाणाचें धरल्यास पुढचें पीक तसेंच येत नाहीं. डोंगरी काकडीचें बीं मात्र कोणत्याही दुकानांत मिळत नाहीं. तें ठाकूर व महादेव कोळी म्हाताऱ्यांच्या आढ्याला टांगलेल्या फडक्यांत असतें, आणि त्या म्हाताऱ्या आतां थोड्या उरल्या आहेत. सरळगांवच्या बाजारीं अशाच एकीनें आम्हांस वेलावर पिवळी झालेली एक काकडी दिली व पैसे घेतले नाहींत. तिचें बीं राखेंत घोळवून आम्हीं ठेवलें आहे. किन्हवलीकडे कोणी आल्यास प्रत्येकीं दहा बिया देऊं. मात्र पुढील भाद्रपदांत त्यांतल्या एका वेलावरची एक काकडी बियाण्यास राखावी, एवढी अट आहे. आणि मांडवाभोवतीं कुंपण आधीं घालावें. आमचे पहिले चार वेल शेजाऱ्यांच्या शेळीनें खाल्ले.